शांतवनकाकांची आंधळी कोशिंबीर

शांतवनकाका एकटेच हुतूतू खेळत. साठी उलटलेला माणूस, अंगावर पलटणीतली खाकी अर्धी चड्डी, डोक्याला मफलर. अंगणात चुन्याची रेघ मारायची, 'हुतूतूतू' करत पलीकडे जायचं, कडुलिंबाला हात लावायचा आणि दम टिकवत परत यायचं. मग स्वतःच दुसऱ्या बाजूचा गडी होऊन पुन्हा तेच. लग्न होऊन कोरेगावात आले, तेव्हा शेजारच्या अंगणातला हा प्रकार पाहून मी घाबरलेच. सासूबाईंना हळूच विचारलं, "यांना काही औषध चालू आहे का?"

"त्येच दुसऱ्यास्नी औशिद देत्यात," सासूबाई म्हणाल्या. "खेळ तपासत्यात त्ये."

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा एक तरुण संघ होता. रविवारी उपासना झाली की पोरापोरींनी घटकाभर खेळावं, अशी पाळकसाहेबांची इच्छा. पण खेळ सुरक्षित हवा, आणि चारचौघांत शोभेल असा हवा. ते ठरवायचं काम काकांकडे होतं. पहिल्या महायुद्धात ते बसऱ्याला पलटणीच्या इस्पितळात जखमा बांधणारे ड्रेसर होते. तिथून आल्यापासून जगातली कोणतीही वस्तू दिसली, की ती कुणाच्या अंगात कशी घुसेल हेच त्यांच्या डोळ्यांपुढे यायचं. विटीदांडू म्हटलं की "डोळा गेला." लगोऱ्या म्हटलं की "टाळकं फुटलं." आणि वर ठरलेला प्रश्न, "मोडलं तर जोडायचं कुनी? मीच न्हवं?"

शाळेत शिकवते म्हणून मला संघाची चिटणीस केलं होतं, आणि माझा स्वभाव तापट. आमचे खटके उडायचे. चमचा-लिंबू त्यांनी पास केला, पण चमचा तोंडात धरायचा नाही, हातात धरायचा. "पोरगं पडलं म्हंजे चमचा घशात!" पावलं मोजत लिंबू नेणारी ती पोरं प्रेतयात्रेला निघाल्यासारखी दिसत. कानगोष्टींचा खेळ तर त्यांनी पारच निकालात काढला. पोरानं पोरीच्या कानाशी लागायचं म्हणजे काय? म्हणून नियम निघाला, की कानगोष्ट हातभर लांबून, मोठ्यानं सांगायची.

"काका, मग ती कानगोष्ट कसली?" मी म्हटलं.

"समद्यांना ऐकू आली तर बिघडलं कुठं? चांगलंच बोला की!"

खेळांची अशी तऱ्हा झाल्यावर पोरं हळूहळू गळायला लागली. शेवटी पाळकसाहेबांनी काकांना सौम्य शब्दांत सांगितलं, की ईस्टरच्या सोमवारी सहल आहे; त्या दिवशी एकतरी धड खेळ द्या, नाहीतर हे काम आपण दुसऱ्या कुणाकडे सोपवू.

काका "बरं" म्हणाले आणि घरी गेले. मला मात्र ते लागलं. राहेलकाकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दुसऱ्या महायुद्धात भरती झाला, आणि लढाई संपल्यावर जबलपूरलाच नोकरीला राहिला. शनिवारी संध्याकाळी "काका, उद्या कुठला खेळ?" असं विचारत संघातली पोरं यायची, तेवढीच त्यांच्या दाराची कडी वाजायची. काम गेलं असतं म्हणजे तीही थांबली असती.

पोरांना हवी होती आंधळी कोशिंबीर. काकांनी ती आजवर दहादा नापास केलेली. पण या वेळी ते आमच्या पायरीशी येऊन उभे राहिले. मफलर सोडत, पुन्हा बांधत म्हणाले, "बाई, ह्यो एक खेळ एकट्याला तपासता येत न्हाई. जरा मानसं मिळतील का?"

त्या दिवशी चारच्या सुमाराला सासूबाई, मी आणि संघातली मार्था, सॅम्युएल अशी आम्ही काकांच्या अंगणात जमलो. काकांनी पाटा-वरवंटा आत नेला होता, कडुलिंबाच्या बुंध्याला वाकळ गुंडाळली होती आणि टिंक्चरची बाटली पायरीवर उघडून ठेवली होती. डोळ्यांना बांधायला अर्थातच बँडेज. ते काकांनी स्वतःच्याच डोळ्यांना बांधून घेतलं, सॅम्युएलनं त्यांना गरागरा फिरवलं आणि आम्ही पांगलो.

हसू दाबायला मी तोंडात पदर कोंबला. काका हात पुढे करून आधी तरातरा चालले, मग जपून, मग एकेक पाऊल. कुणी हूं की चूं करत नव्हतं. खेळच तसा आहे. ते वाकळीला धडकले, मागे फिरले आणि अंगणाच्या मधोमध थांबले.

"हाईसा का गेलासा?"

आम्ही गप्पच.

"गेली जनू समदी," ते म्हणाले. आम्हाला उद्देशून नाही. घरात एकटा माणूस स्वतःशी बोलतो ना, तसं. हात मात्र अजून तसेच पुढे धरलेले होते. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

"आवं, हाय की आमी!" सासूबाई एकदम ओरडल्या. "ह्ये काय हितं!"

काकांनी बँडेज सोडलं. बराच वेळ ते त्याची नीट गुंडाळी करत राहिले. मग म्हणाले, "खेळ पास. पर डोळं बांधल्याल्याला समद्यांनी सारख्या हाका घालायच्या. गप ऱ्हायाचं न्हाई."

"काका, मग तो लगेच धरंल की!" सॅम्युएल कळवळला.

"धरू दे की गड्या."

सोमवारी नदीकाठच्या आमराईत आम्ही ती आंधळी कोशिंबीर खेळलो. सॅम्युएलचं म्हणणं खरंच ठरलं, प्रत्येक डाव पटकन आटपत होता. पण इतकं ओरडायला मिळाल्यावर पोरं भलतीच खूश झाली. खुद्द पाळकसाहेब आंब्याआडून "इकडे, इकडे!" करत होते. काम दुसऱ्याला देण्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

शेवटी पोरांनी काकांचे डोळे बांधले. चारी बाजूंनी हाका सुरू झाल्या. "काका, इकडं!" "काका, हितं हाय मी!" काका हात पसरून मधे फिरत होते. त्यांचा डाव काही संपेना. मला वाटलं, म्हातारपण. मग मी पाहिलं, की मार्थाचा हात त्यांच्या हातात अलगद आला, आणि त्यांनी तो सोडून दिला. सॅम्युएलची बाही सापडली, तीही सोडली. मी मुद्दामच अगदी जवळून गेले. त्यांनी मलाही धरलं नाही. माझे डोळे भरून आले, तरी मी ओरडत राहिले, "काका, इकडे! काका, मी इथे आहे!"