चिकलठाण्यातलं पाणबुड्यांचं म्युझियम

साळवेमामांचं म्युझियम मी न बघताच बंद करायला सांगितलं. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून नोटीस मीच लिहिली होती: 'पार्किंगमधील भंगार रविवारपर्यंत हटवावे.' त्यातला 'भंगार' हा शब्दही माझाच.

आमच्या चिकलठाण्यात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. अशा ठिकाणी या माणसानं पाणबुड्यांच्या, म्हणजे खोल पाण्यात उतरणाऱ्या माणसांच्या, इतिहासाचं म्युझियम मांडलं होतं. मामा वाळूजच्या एका कारखान्यातून वेल्डर म्हणून निवृत्त झालेले. समुद्र उभ्या जन्मात पाहिलेला नाही. पण टँकरपाशी बायकांची भांडणं पेटलेली असताना हे ड्रायव्हरला विचारणार, "टाकी किती खोल हाय हो?" लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला सांगणार, "तीस फुटांवर कान लई दुखत्यात. घाबरायचं नाय, आवंढा गिळायचा." शेजारचा घाबरून जिलबी गिळायचा.

शनिवारी मी आठवण करून द्यायला गेलो.

"या सेक्रेटरी! बुडवायला आलात का बुडायला?"

"मामा, उद्या रविवार आहे."

"व्हय, आवरतोच. पन बघून तर जा. शेवटचं गिऱ्हाईक तुम्ही."

त्यांनी ग्लासाच्या तळाशी कागदाचा बोळा कोंबला, ग्लास पालथा धरून बादलीत बुडवला आणि तसाच वर काढला. कागद कोरडा! "आधीची मान्सं अशीच जायची. मोठ्या पालथ्या घंटेत बसून, आत कोंडलेल्या हवेवर." मी ते स्वतः करून पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं.

भिंतीवर मासिकांतून कापलेली चित्रं होती. शिशाचे तळ ठोकलेला एक जोडा उचलायला मला दोन्ही हात लागले. मधोमध होता तांब्याचा टोप, आंघोळीच्या पाण्याचा जुना बंब कापून केलेला, पुढं काचेची खिडकी. मामांनी तो माझ्या डोक्यावर चढवला, नळी जोडली आणि हातपंप मारायला लागले.

जालना रोडचा गोंगाट एकदम बुडाला. उरला फक्त श्वास. माझ्या एकेका श्वासासाठी बाहेर दुसरं कुणीतरी राबत होतं. काचेतून मामा दिसत होते. हात पंपावर, नजर माझ्यावर, पापणीसुद्धा लवत नव्हती.

टोप काढल्यावर मी म्हटलं, "आता तुम्ही घाला, मी पंप मारतो."

"नाय. म्या वरचा मानूस."

"अहो, गंमत म्हणून!"

ते पंपाचा दांडा पुसत राहिले. "करमाडला थोरला भाऊ विहिरीत उतरला व्हता. मोटरीचा पाइप अडकलेला. दोर माझ्या हाती. खालून दोन झटके आले की वर वढायचं, असं ठरलेलं. म्या दोर दगडाला गुंडाळला अन् बिडी पेटवली. झटके दगडालाच बसले." त्यांनी दांड्यावर पुन्हा फडकं फिरवलं. "तवापासून वाचतोय. खाली गेलेली मान्सं परत कशी येत्यात, ते."

रविवारी सोसायटीच्या मीटिंगला मामा उशिरा आले. गोण्या भरून हात काळे झालेले. कुणीतरी विचारलं, "सेक्रेटरी, पार्किंग मोकळं झालं का?"

मी उठलो.

"मामा, मी न बघता नोटीस लिहिली. माझं चुकलं. सगळ्यांसमोर माफी मागतो. नोटीस मागं घेतोय. गोण्या सोडा, सामान परत लावायला मी येतो."