गाळलेल्यात कामाचे काही आढळले नाही

बिनतारी इंटरनेटवरून होणाऱ्या संभाषणांची गुणवत्ता पाचपैकी तीन पूर्णांक एक इतकीच आढळल्याने ती दोन महिन्यांत साडेचारवर आणण्यात यावी, असे परिपत्रक सोमवारी सकाळी गुणवत्ता विभागात आले. ती कशी आणावी हे परिपत्रकात नव्हते. ते अभियंत्याने पाहायचे होते. विभागात अभियंता एकच होता. उरलेले सात जण त्याच्या कामाची गुणवत्ता पाहत असत.

अभियंता सरळमार्गी माणूस. त्याने तरंगिका नावाचे गणित वापरायचे ठरवले आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन ते समजावून सांगितले.

"साहेब, आवाजात लहानमोठ्या असंख्य लाटा असतात. तरंगिकांनी त्या सुट्या करता येतात. मोठ्या लाटा म्हणजे बोलणं. बारीक लाटा म्हणजे पंखा, भांडी, रस्ता. आपण एक उंबरठा ठरवायचा आणि त्याच्या खालचं काढून टाकायचं. पाठवायचं ओझं कमी झालं की वाटेत अडकणंही कमी होतं."

"काढलेल्याचं काय करणार?" साहेबांनी विचारले. त्यांची हयात फायलींत गेली होती, आणि कुठलीही गोष्ट नुसती फेकून देता येते यावर त्यांचा विश्वास नव्हता.

तेव्हा असे ठरले की काढलेला आवाज नव्वद दिवस वेगळा जपून ठेवावा आणि दर शनिवारी अभियंत्याने दाखला द्यावा: 'गाळलेला आवाज तपासला. त्यात कामाचे काही आढळले नाही.' खाली सही, हुद्दा, तारीख.

चाचणीसाठी नियमानुसार अर्ध्या तासाचे संभाषण लागत होते, तेही आठवड्यातून दोनदा आणि त्याच दोन माणसांमध्ये. साहेबांनी पुढाकार घेऊन आपल्या पत्नीला फोन लावला. ते संभाषण चाळीस सेकंदांत आटोपल्याने नमुना म्हणून बाद झाले. बाकीच्यांची गतही फारशी निराळी नव्हती. सलग अर्धा तास आपल्याशी बोलेल असे माणूस विभागात कोणापाशीच निघेना. शेवटी अभियंता म्हणाला, "माझी आई बोलेल."

आई दूरच्या गावी दुमजली घरात एकटी राहायची. आजवर अभियंता तिला आठवड्यातून एकदा, बसच्या रांगेत उभा असताना फोन करी, आणि बस आली की तिचे वाक्य अर्ध्यावर राही. आता मंगळवारी आणि शुक्रवारी अकराच्या ठोक्याला फोन येऊ लागला.

"ऑफिसात बसून एवढा वेळ बोलतोस, साहेब रागावत नाहीत?" आईने विचारले.

"कामच आहे ते आई. तुझं बोलणं मशीन ऐकतं. मी आवाज गाळतो."

"पीठ चाळतात तसं?"

"अगदी तसंच."

"मग कोंड्याचं काय करता?"

"ठेवतो. नव्वद दिवस."

"बरं करता. कस कोंड्यातच असतो," आई म्हणाली आणि गावच्या बातम्यांकडे वळली. "लिंबाला यंदा एक फळ नाही बघ. पोस्टमन नवा आलाय, त्याला कुणाचंच घर सापडत नाही. वरची खोली बंद करून टाकली मी. समोरच्यांनी भिंतीला असला भडक रंग दिलाय की डोळे दिपतात."

"हं," अभियंता म्हणाला. त्याचे लक्ष पडद्यावरच्या आलेखाकडे होते. पंखा आणि भांडी साफ गेली होती. गुणवत्ता तीन पूर्णांक आठ.

साहेबांनी उंबरठा वाढवायला सांगितला. मग उसासे, खोकले आणि खुर्च्यांची करकर गेली. चार पूर्णांक दोन.

"मांजरीने चार पिल्लं घातली," पुढच्या शुक्रवारी आई सांगत होती. "टाकीचा नळ गळतोय. दूध आता शेजारीणच आणून देते. तिच्या जावयाची बदली झाली, बिचारी सारखी रडते."

"छान," अभियंता म्हणाला.

साहेब मागे येऊन उभे राहिले होते. "अजून बारीक काही शिल्लक आहे का?"

"आहे साहेब. लोक अडखळतात. कधी फार हळू बोलतात."

"अडखळणं आपण का पोचवायचं? अडखळणाऱ्याची स्वतःचीही तशी इच्छा नसणार."

हे बिनतोड होते. उंबरठा आणखी वर गेला आणि गुणवत्ता चार पूर्णांक सहा झाली.

त्याबरोबर आणखी एक सुपरिणाम दिसून आला. महिन्याला दोनशे तक्रारी येत, त्या तीनवर आल्या. तक्रारी याच सेवेवरून नोंदवायच्या होत्या. ज्याचा आवाज पोचत नव्हता तो चाचरत, दबक्या आवाजात तसे सांगे, आणि वहीत नोंद होई: 'ग्राहकाचा फोन आला. काही म्हणणे नाही.' उरलेले तिघे मुळातच ओरडून बोलणारे होते. तक्रार कारकुनाचा सत्कार करण्यात आला आणि त्याच्या टेबलावर फुलदाणी ठेवण्यात आली.

विभागाला पुरस्कार जाहीर झाला. मात्र तो देण्यापूर्वी वरून आलेल्या तपासनीस बाईंनी दाखल्यांची चवड उलटत एक विचित्र प्रश्न केला. "तपासला म्हणजे ऐकला का?"

दाखल्याचा असा शब्दशः अर्थ आजवर कोणी घेतला नव्हता.

"एखादा तरी ऐका," बाई म्हणाल्या. "म्हणजे मला ऐकल्याचं लिहिता येईल."

अशा रीतीने मंगळवारी दुपारी, जेवणाची सुट्टी बुडवून, अभियंत्याने कानाला हेडफोन लावला आणि आपल्याच आईचा गेल्या शुक्रवारचा कोंडा ऐकायला घेतला. पंखा होता, भांडी होती. खुर्ची करकरायची आणि दर करकरीमागून बारीक आवाजात "आई गं" यायचे. मग शेवटी "ठेवते बरं का" म्हटल्यावरचा भाग आला. आईला फोन बंद करता येत नसे. ती तो टेबलावर ठेवून देई आणि आपोआप बंद होण्याची वाट पाही. त्या टेबलावरून, दुरून, ती हळू आवाजात घोकत होती:

"गुडघ्याचं ऑपरेशन आहे रे, येत्या गुरुवारी. तू आलास तर... तू आलास तर बरं वाटेल मला." मग थोडे थांबून, "नको. कामात असतो तो."

अभियंत्याने हेडफोन काढला. त्याला रडू आले आणि ते त्याने आवरलेही नाही. ऑपरेशन परवावर आले होते, आणि याच फाईलच्या दाखल्यावर त्याची ठसठशीत सही होती. तो तसाच साहेबांकडे गेला.

"साहेब, उंबरठा खाली आणायला हवा."

"तक्रार आली आहे?"

"नाही."

"मग?"

"माझीच आहे असं समजा."

"तुम्ही कर्मचारी. तक्रार ग्राहकाने करायची असते. तुमच्या आईंना करायला सांगा."

"ती करायची नाही. आणि केली तरी हळू आवाजात करेल."

"म्हणजे त्यांचं काही म्हणणं नाही," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. ते मनाने वाईट नव्हते. त्यांनी चार दिवसांची रजा तिथल्या तिथे मंजूर केली. फक्त एवढीच विनंती केली, की जाण्यापूर्वी त्या फाईलवर ऐकल्याची सही करून जावे. बाई खोळंबल्या होत्या. बसची वेळ झाली होती. अभियंत्याने सही केली.

बुधवारी दुपारी तो घरी पोचला. आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. त्याला पाहून ती उठू लागली, खुर्ची करकरली आणि त्याने धावत जाऊन तिला धरले. चहा पुढ्यात आल्यावर त्याने विचारले, "आई, एवढं मोठं ऑपरेशन, आणि तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. वरची खोली बंद केली म्हणाले. दूध शेजारीण आणून देते म्हणाले. आता आणखी काय सांगायचं असतं?"

अभियंत्याचा विश्वास बसेना. त्याने मोबाईल काढला, गाळून पुढे पोचलेल्या आवाजाची फाईल उघडली आणि कानाला लावली. आईचे म्हणणे खरे होते. शब्द न् शब्द स्वच्छ, खणखणीत, एक अक्षर तुटलेले नाही. पाठोपाठ त्याचा स्वतःचाही आवाज होता, तोही उत्तम गुणवत्तेचा: "हं." खात्री करून घेण्यासाठी त्याने ते पुन्हा ऐकले, मग दुसरी फाईल लावली.

समोर बसलेली आई उद्याचे सांगत होती: किती वाजता निघायचे, डॉक्टर काय म्हणाले, तिला रात्ररात्र कशाची भीती वाटते. मध्येच ती थांबली. सवयीने तिने आवाज जरा चढवला आणि टेबलापलीकडून विचारले,

"आवाज येतोय ना माझा?"

येथे नोंद घ्यावी, की खोलीचे आणि दुधाचे वाक्य कोंड्यात नव्हते. ती दोन्ही वाक्ये याच गोष्टीत, स्वच्छ छपाईत, वाचकांपर्यंतही वेळेवर पोचली होती. आपणही लिंबू, पोस्टमन, मांजर आणि जावई यांच्यासोबत 'हं' म्हणून पुढे गेला असाल, तर आपली गुणवत्ता चार पूर्णांक सहा आहे. अभिनंदन. घरी एखादा फोन करायचा राहिला असल्यास तो सावकाश करावा. तूर्त खालील दाखल्यावर सही करून द्यावी.

'गाळलेले तपासले. त्यात कामाचे काही आढळले नाही.'