लेखीकाकांचा बचाव

प्रत्येक आरोपीला वकील मिळालाच पाहिजे, हे सुसंस्कृत समाजाचे पहिले लक्षण आहे. तो वकील आपण असू नये, हे दुसरे. सीनियरनी पहिले लक्षण ज्युनियरला अतिशय गंभीर चेहऱ्याने समजावून सांगितले आणि दुसऱ्याला अनुसरून केसचे कागद त्याच्यासमोर सरकवले.

"तुझी पहिली केस," ते म्हणाले. "अशी संधी रोज येत नाही."

"पण सर, मी त्याच बिल्डिंगमध्ये राहतो."

"उत्तम! म्हणजे जागेची पाहणी घरबसल्या झाली."

ज्युनियर आजवर कोर्टात एकच वाक्य बोलला होता : "सर दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी." हे वाक्य तो फार छान म्हणत असे. त्यात विनय असे, घाई असे आणि सरांच्या तब्येतीविषयी एक पुसट चिंताही असे. पण एवढ्या भांडवलावर कुणाला तुरुंगातून सोडवल्याचे त्याच्या ऐकिवात नव्हते.

खटला साधा होता. बिल्डिंगचे अध्यक्ष एका दुपारी लिफ्टमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मधोमध अडकले आणि संध्याकाळपर्यंत अंधारात लटकत राहिले. तळमजल्यावर जिन्याखालच्या पेटीतले लिफ्टचे बटण कुणीतरी बंद केले होते. कुणी केले, याबद्दल बिल्डिंगमध्ये एकमत झाले. या बिल्डिंगच्या इतिहासात एकमत होण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे ते खरेच असणार असे पोलिसांनाही वाटले.

चौथ्या मजल्यावर एकटे राहणारे, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले हे आरोपी गृहस्थ लेखीकाका म्हणून ओळखले जात. जिन्यातल्या चपला, वरून ठिबकणारे कपडे, शिकवणीच्या मुलांचे पाढे, कशाबद्दलही ते तोंडी बोलत नसत, लेखी कळवत. बायको गेली तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी दुसऱ्या दिवशी पोच पाठवली होती. पुरावाही त्यांनीच पुरवला होता. त्या दुपारी ते पेटीजवळ उभे असलेले लोकांनी पाहिले. नंतर ते वर गेले, लिफ्टच्या फटीला तोंड लावून अध्यक्षांना म्हणाले, "मी हे आपल्याला लेखी कळवलं होतं," आणि घरी निघून गेले. अंधारात घामाघूम झालेला माणूस एक वेळ शिवी सहन करील, पण हे नाही. अध्यक्षांनी तक्रार केली. शिक्षा झाली तर काकांच्या दारासमोरच्या जागेत कुंड्या कुणी ठेवायच्या, हेही लोकांनी ठरवून टाकले होते.

ज्युनियर काकांना भेटायला गेला तेव्हा दार उघडायच्या आधी आतून आवाज आला, "काय काम आहे?"

"मी तुमचा वकील."

"लेखी काही आणलंय?"

वकीलपत्र फटीतून आत सरकवल्यावर दार उघडले. घरात एक खुर्ची होती. तिच्यावर काका बसले.

"बटण तुम्ही बंद केलंत का?" ज्युनियरने विचारले.

"नाही. मी पाहिलं तेव्हा ते बंदच होतं."

"मग चालू का नाही केलंत?"

काकांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "पेटीवर पाटी वाचली नाहीस? 'अनधिकृत व्यक्तीने हात लावू नये.' ती माझ्याच तक्रारीवरून लागली आहे. मी हात लावू?"

"अहो काका, आत माणूस अडकला होता!"

"म्हणून तर लिफ्टच्या कंपनीला तातडीने तक्रार दिली. त्यांचा माणूस संध्याकाळी आला, त्याला मी काय करू? उशिराबद्दल त्यांनाही कळवलंय."

"आणि ते फटीतून बोललात ते?"

"वस्तुस्थिती सांगितली. आदल्याच आठवड्यात अध्यक्षांनी ते बटण गच्चीवरच्या खोलीतून खाली आणून बसवलं, जिन्याच्या दिव्याच्या बटणाशेजारी. दोन्ही सारखी. नाव नाही, खूण नाही. घोटाळा होईल म्हणून मी त्यांना…"

"कळवलं होतं."

"हो." काकांनी वकीलपत्राची घडी घातली. "शिक्षा झाली तर घराचं काय करतात रे?"

ज्युनियरला कुंड्या आठवल्या. "काही नाही करत, काका."

"तिच्या कपाटाला हात लावू नका म्हणावं. की मी तसं लिहून देऊ?"

ज्युनियर जिन्याने खाली आला. लिफ्ट आली होती, पण आतल्या मंडळींनी त्याला पाहून दार ओढून घेतले होते.

घरी मामी वाट पाहत होती. आईवडिलांच्या पश्चात त्याला मामा-मामींनीच वाढवले होते आणि शिकवले होते. गॅलरी बंद करून केलेली खोली त्याला दिली होती. मामी या खटल्यात साक्षीदार होती, अर्थातच दुसऱ्या बाजूची.

"एवढा शिकलास आणि शेवटी त्या माणसासाठी भांडणार?" मामी म्हणाली. "घ्यायचीच होती तर खुनाची घ्यायची, दरोड्याची घ्यायची. चार लोकांत सांगता तरी आली असती!"

"मामी, त्यांनी बटण बंद केलेलं नाही."

"मग काय, भुताने केलं? मी त्याला माझ्या या डोळ्यांनी तिथे उभा पाहिलाय. जा, जिंक तू! मलाही कपडे वाळत घालायला गॅलरी हवीच आहे."

एवढे बोलून तिने त्याच्या डोक्यावरचा दिवा बंद केला. बाहेर अजून भरपूर उजेड आहे असे तिचे म्हणणे होते. मामा वर्तमानपत्राच्या मागे होते. लग्न झाल्यापासून ते तिथेच होते.

"सर, उलटतपासणी कशी घेऊ?" ज्युनियरने सीनियरना विचारले.

"एक नियम ध्यानात ठेव. ज्याचं उत्तर माहीत नाही, तो प्रश्न विचारायचा नाही."

ज्युनियरला कशाचेच उत्तर माहीत नव्हते. नियम पाळायचा तर कोर्टात जायचीही गरज उरत नव्हती.

सुनावणीच्या दिवशी सकाळीच पाऊस उघडला होता. कोर्टाची लिफ्ट बंद असल्यामुळे सगळे जिना चढून वर आले. अध्यक्ष ती चालू असती तरी जिन्यानेच आले असते. खोलीच्या भिंती ओल धरून फुगल्या होत्या. न्यायाधीशांना सर्दी झाली होती आणि त्यांच्या डोक्यावर एक ट्यूब गुणगुणत होती. पुकारा झाला, ज्युनियर उभा राहिला, आणि सवयीने म्हणाला, "सर दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी."

"कोणते सर?" न्यायाधीश म्हणाले. "इथे तुमचंच नाव आहे."

मागच्या बाकांवर अख्खी बिल्डिंग हसली. आरोपीच्या पिंजऱ्यातून काकांनी कपाळाला आठी घातली.

पहिले साक्षीदार तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टर. काकांना पेटीजवळ पाहिल्याचे त्यांनी सरकारी वकिलांना सांगितले. ज्युनियर उठला. त्याला एकच गोष्ट सुचली, तीच त्याने विचारली.

"अध्यक्ष ओरडत होते, ते तुम्हाला ऐकू आलं का?"

"आलं की."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. माझ्या व्यवसायात ओरडण्याकडे लक्ष देऊन कसं चालेल?"

तक्रारदाराच्या खुर्चीत अध्यक्ष जरा हलले.

दुसऱ्या साक्षीदार तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई. फटीतून बोललेले वाक्य त्यांनी ऐकले होते. ज्युनियरने पुन्हा तेच विचारले. दुसरा प्रश्न त्याच्याकडे नव्हता.

"आवाज आला ना," बाई म्हणाल्या. "लिफ्ट माझ्या दाराला लागूनच आहे. मुलांना पाढे ऐकू येईनात, म्हणून मी दार लावून घेतलं."

"ते अडकलेत असं वाटलं नाही?"

"वाटलं. पण म्हटलं, काढेल कुणीतरी."

अध्यक्षांनी मान वळवून बाकांकडे पाहिले. बाकांवरचे सगळे एकदम छताकडे पाहू लागले. सरकारी वकिलांनी हरकत घेतली की या प्रश्नांचा खटल्याशी संबंध काय. न्यायाधीशांनी नाक पुसले आणि म्हणाले की त्यांना स्वतःला यात रस वाटू लागला आहे.

मग मामी आली. खरे बोलण्याची शपथ तिने अशा आवाजात घेतली, की ती खोटे बोलेल असा संशय घ्यायची कुणाची हिंमत होऊ नये. तिने सांगितले, कोपऱ्यावरच्या दुकानातून दोरा आणायला गेले होते. येताना हा माणूस पेटीसमोर उभा होता. चेहऱ्यावरून काहीतरी करून बसल्यासारखा दिसत होता.

"तुम्हाला ओरडणं ऐकू आलं का?" ज्युनियरने विचारले. 'मामी' म्हणायचे त्याने महत्प्रयासाने टाळले.

"आलं. जिना चढताना. 'बाहेर काढा, बाहेर काढा' म्हणून चाललं होतं."

"मग?"

"मला वाटलं मीटिंग चाललीय. मीटिंगमध्ये ते या काकांबद्दल नेहमी तेच म्हणतात."

आता कुणीही हसले नाही. अध्यक्ष आपल्या तळहातांकडे पाहत होते. आपल्याला एका माणसाने कोंडले या समजुतीवर माणूस बरीच वर्षे काढू शकतो. बाकीच्यांनी आपल्याला तिथेच राहू दिले, हे कळल्यावर संध्याकाळ काढणेही कठीण जाते.

मामीचे लक्ष मात्र दुसरीकडे होते. ती न्यायाधीशांच्या डोक्यावर पाहत होती.

"काय बघताय?" न्यायाधीशांनी विचारले.

"काही नाही, साहेब. खिडकीतून एवढा उजेड येतोय आणि ट्यूब चालू आहे. जीव तुटतो."

आणि ज्युनियरला दिसले. डोक्यावरचा दिवा विझवणारा मामीचा हात. दुकानात जाताना जिन्याखालून जाणारी मामी. शेजारी शेजारी दोन बटणे, सारखी, नाव नाही, खूण नाही. लहानपणापासून ज्या हाताने त्याच्या अभ्यासावर अंधार केला, तोच हात.

बटण कुणी बंद केले, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याला पक्के माहीत होते. सीनियरच्या नियमात हा प्रश्न अगदी चपखल बसत होता. तो अर्धा उठला. मागच्या बाकावर मामा बसले होते. आज त्यांच्याकडे वर्तमानपत्र नव्हते, त्यामुळे ते फार उघडे दिसत होते. ज्युनियरने पिंजऱ्याकडे पाहिले. काका त्याच्याकडेच पाहत होते. त्याला कपाट आठवले. मग त्याला गॅलरी आठवली.

"आणखी प्रश्न नाहीत," तो म्हणाला आणि बसला.

मामी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरायला वळली. पण न्यायाधीशांना तिचे बोलणे आवडले होते. दिव्यांच्या बाबतीत त्यांच्याही घरी मुले ऐकत नसत.

"तुमच्या बिल्डिंगमध्ये दिवसाचे दिवे कोण बंद करतं हो?" त्यांनी सहज विचारले.

"कोण करणार? मीच!" मामीचा चेहरा उजळला. "बाकी कुणाला पडलंय का, साहेब? येता-जाता जिन्याखालची पेटी उघडते आणि टकाटक बंद करते."

"पेटीवर पाटी आहे म्हणतात. हात लावू नये अशी."

"ती यांच्यासारख्यांसाठी. मी काय अनधिकृत आहे?"

"त्या दुपारी दुकानात जातानाही केलंत?"

"केलं ना! त्या दिवशी तर दोन-दोन बटणं चालू होती. एवढी उधळपट्टी!"

"दोन्ही बंद केलीत?"

"मग काय, एक ठेवायचं?" असे म्हणून मामीने हवेत दोन बटणे कशी बंद केली ते करून दाखवले.

मामीचा हात हवेतच होता. तिने आधी न्यायाधीशांकडे पाहिले, मग अध्यक्षांकडे, आणि मग तो हात हळूच पिशवीमागे नेला.

काका निर्दोष सुटले. मामीचा हेतू काटकसरीचा होता, कोंडण्याचा नव्हता, असे न्यायाधीशांनी नमूद केले आणि पेटीतल्या बटणांवर नावे लिहावीत अशी सूचना केली. "मी हे लेखी…" अशी पिंजऱ्यातून सुरुवात झाली, पण शिपायाने काकांना बाहेर नेले. उठताना साहेबांनी स्वतःच्या हाताने ट्यूब बंद केली.

"शाब्बास!" दुसऱ्या कोर्टातून आलेले सीनियर म्हणाले. "कुठे थांबायचं हे कळणं, हीच वकिली. हे शिकवून येत नाही."

घरी मामीने त्याला वाढले, नेहमीपेक्षा जास्त. मग म्हणाली, "भर कोर्टात एक शब्द बोलला नाहीस हो माझ्याविरुद्ध. आपलं माणूस ते आपलं माणूस." गॅलरीचा विषय कायमचा मिटला. ज्युनियरने अर्धे ताट तसेच ठेवले.

सकाळी त्याच्या दाराच्या फटीतून एक कागद आत आला. 'निर्दोष सुटकेबद्दल आभारी आहे. तथापि आपण प्रश्न विचारण्यासाठी अर्धे उठलात व तो न विचारता बसलात, हे मी पाहिले. याचा लेखी खुलासा करावा. प्रत : अध्यक्ष.'

खुलासा ज्युनियरने अजून केलेला नाही. अध्यक्ष जिन्याने ये-जा करतात आणि प्रत्येक मजल्यावर, बंद दारांसमोर, थोडे थांबतात. बटणांवर नावे कुणी लिहिलेली नाहीत. पेटीला आता कुणीच हात लावत नाही, त्यामुळे जिन्यातला दिवा दिवसाही चालू असतो.