श्रीमंतांनी जाड तार कापिली ती हकीकत

श्री खर्जेश्वर प्रसन्न. ज्याचा नाद आधी पायांस कळतो आणि मागाहून कानांस, त्या देवास नमन करोन, आणि ज्यांचे मीठ खाऊन ही लेखणी चालते त्या श्रीमंत उदाजीराव महाराजांस मुजरा करोन, हकीकत लिहिली ऐसीजे. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरे, भाद्रपद आश्विन मासी आमचे राज्यात बेस गिटारीचे प्रकरण घडले, ते लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. ज्यांस ठाऊक त्यांस ठाऊक, आणि ज्यांस ठाऊक नाही त्यांचे दैव.

राज्य लहान, परंतु वाद्यवृंद थोर. दर दसऱ्यास सीमेवरील माळावर शेजारचे राज्य सोने लुटावयास येई, आणि त्यांचे देखत आमचा वृंद वाजे, आणि शेजारी नाचल्यावाचून परत गेले ऐसे तीन पिढ्यांत घडले नाही. या वृंदात खर्जाचे काम, म्हणजे सर्वांचे खाली राहोन सर्वांस उचलोन धरणे, हे वाघचौरे घराण्याकडे. आज्याने पितळेचा मोठा भोंगा फुंकिला, मग बापाने चार तारांची, विजेवर बोलणारी बेस गिटार धरिली, आणि बापामागे लेक हौसाबाई खर्जदार जाहली. बाई पन्नाशीची, बोलणे मोजके, उभी राहिली म्हणजे खांब रोविल्यासारखी. गिटारीवर बापाने चढविलेल्या तारा बावीस वर्षे तशाच होत्या. लोणचे मुरते तैशा तारा मुरतात, ऐसे बाईचे मत.

त्या वर्षी विजेची पेटी वाजविणारे सरदार सर्जेराव खराडे यांनी दरबारात अर्ज केला की, "सरकार, पेटीवर माझा डावा हात मोकळाच असतो. खर्ज मी त्या हाताने वाजवीन. तसंही बाईंचं वाजवणं ऐकू येतंय कुणाला?" हे ऐकोन दरबारी एकमेकांकडे पाहू लागले, कारण खरेच कोणास सांगता येईना. तेव्हां महाराजांनी न्याय केला की, दसऱ्यास बाईंनी माळावर वाजवावे. शेवटचे रांगेतले पाय हलले तर खर्जदारी वाघचौऱ्यांकडे कायम, न हलले तर खालसा, आणि काम खराड्यांचे डावे हाताकडे. आणि न्यायात उणे नको म्हणोन बाईंस सर्व सरंजाम सरकारातून नवा द्यावा, ऐसी आज्ञा जाहली. अन्य राज्यांत ज्याचे पद काढावयाचे त्यास मोडके देतात. आमचेकडे नवे देतात.

मग सरंजामाची मसलत बैसली आणि तीन दिवस चालली. तारा दोन जातींच्या: एकीवर गोल तारेचे वेष्टण, ती झळझळीत आणि बोट सरकता करकरणारी, दुसरीवर चपट्या पट्टीचे वेष्टण, ती गुळगुळीत आणि आवाजाने मुकी, परंतु पोटात घुमणारी. बाईंनी चपटी मागितली. सर्जेराव म्हणाले की चपटी तार म्हाताऱ्यांची, आणि दरबारास झळाळी पसंत पडली, म्हणोन दूरचे शहरातून गोल वेष्टणाच्या चार तारा मागविल्या, त्या एकवीस दिवसांनी पोचल्या. सवे नव्या खुंट्या आणि तारा बैसतात ती पितळी घोडी आली, ती जड होती, आणि जड घोडीवर खर्ज लांब टिकतो, म्हणोन बाई प्रथमच हसली. मग ॲम्प्लिफायरचा प्रश्न निघाला. सर्जेराव म्हणाले, माझे पेटीच्याच स्पीकरात बाईंची वायर जोडावी. बाई म्हणाली, "जोडा की. पर त्यो लहान जीव हाय. खर्ज घातला तर त्याच्या पोटातला कागद फाटंल, आन् मग तुमचा उजवा हातबी मुका." तेव्हां सर्जेराव स्वतःच वेगळा स्पीकर द्यावा म्हणाले, आणि पंधरा इंची स्पीकराचा, चौघांनी उचलावयाचा काळा खोका आला. महाराजांनी आदराने त्यास चौरंगावर, मखमलीवर ठेवविले. बाईंनी हात जोडोन तो खाली भुईवर घेवविला. म्हणाली, "म्हाराज, ह्येला मान नको, जमीन पायजे." दरबारास हे झोंबले, परंतु महाराज म्हणाले, "बाई म्हणतात तसं करा." ऐसे आमचे महाराज.

आता मुख्य गोष्ट. आमचे राज्यात शिरस्ता ऐसा की, नवी वस्तू महाराजांनी स्वहस्ते कापिल्यावाचून वापरात येत नाही. फीत असो, कलिंगड असो, चांदीची कातर सदैव सिद्ध. म्हणोन नवमीस, दसऱ्याचे आदले दिवशी सकाळी, दरबार भरवोन तारा चढविण्याचा समारंभ जाहला, आणि वडीलकीचा मान म्हणोन सर्वांत जाड तार महाराजांनी कापावी ऐसे ठरले. तार खुंटीस गुंडाळावी लागते, म्हणोन खुंटीपुढे दोन खुंट्यांइतकी जास्त राखोन, आधी वाकवोन, मग कापावयाची असते. बाईंनी नेमके तेथे अंगठा ठेविला. महाराज कातर घेऊन वाकले, आणि पाहतात तो बाईचा अंगठा कातरीजवळ. प्रजेचे अंगठ्यास इजा नको, ऐसी दया मनात येऊन महाराजांनी अंगठा सोडोन चांगले वीतभर अलीकडे, ऐन खुंटीशी, तार कापिली. नगारा वाजला, पेढे वाटले. मग बाईंनी तार खुंटीस लावोन पाहिली, तो एक वेढाही बसेना.

महाराज चुकले ऐसे म्हणावयाची चाल आमचे राज्यात नव्हती. सर्जेराव हळूच म्हणाले, "बाईंनीच अंगठा चुकीच्या जागी धरला असेल." बाई म्हणाली, "तार बरी कापलीया म्हाराजांनी. मला पुरत न्हाई, येवढंच." आणि खाली मान घालोन बैसली. तिचे डोळे भरले होते, ते या लेखकाने पाहिले, आणि लिहिले मात्र ऐसे की, तार मुळातच आखूड निघाली. चाळीस वर्षे याच हाताने लिहीत आलो; राजाचे अंगावर शिंतोडा येऊ दिला नाही. दुसरी तार येण्यास एकवीस दिवस, आणि दसरा उद्यावर. तेव्हां बाईंनी तीन नव्या तारा स्वतः मोजोन चढविल्या, आणि डब्यात गुंडाळोन ठेविलेली बापाची बावीस वर्षांची चपटी जाड तार काढोन, पदराने पुसोन, चौथीचे जागी लाविली. जुन्या वाकणी तशाच होत्या. तार आपले घरी आल्यासारखी बैसली.

दसऱ्यास माळ भरला. शेजारचे राजे या खेपेस नाचावयाचे नाही ऐसी शपथ घेऊन आले होते, म्हणोन मुद्दाम शेवटचे रांगेत, छत्र धरवोन, हाताची घडी घालोन उभे राहिले. वृंद सुरू जाहला. बाईंनी तिन्ही झळझळीत तारा क्वचितच छेडिल्या आणि बहुत करोन त्या एका जुन्या तारेवरच बोटे चालविली. महाराज ऐन पुढे, खोक्यापासोन दोन हातांवर बैसले होते, आणि त्यांस खर्ज ऐकू येईना. गुडघे मात्र हुळहुळले, ते वातामुळे ऐसे समजले. महाराजांचे तोंड उतरले, कारण न्याय दिलेला, आणि तार कोणी कापिली हे त्यांस पक्के ठाऊक. मग त्यांनी धीर करोन मागे वळोन पाहिले, तो लोकांचे डोक्यांवरोन शेजारचे राजांचे छत्र दिसले, आणि छत्र वर खाली होत होते. छत्र धरणारा नाचत होता. मग राजे नाचत होते. मग शेवटची रांग सबंध नाचत होती, कारण खर्ज जवळ दबतो आणि लांब जाऊन उमटतो, आणि नाच मागोन पुढे पुढे येत महाराजांपर्यंत आला. आणि सर्जेरावांचा मोकळा डावा हात आपले मांडीवर ठेका धरोन होता, हे शंभर जणांनी पाहिले. त्यांनीही नंतर नाकारिले नाही.

खर्जदारी कायम जाहली. महाराजांनी माळावरच हा दप्तराचा बंद मागितला, नवमीचे पान वाचिले, आणि म्हणाले, "तार आखूड निघाली म्हणजे काय? निघते कशी? खोडा ते. लिहा, तार आम्ही कापली आणि आखूड कापली. बाईंनी अंगठा बरोबर ठेवला होता." या लेखकाने विनविले की, सरकार, पुढील पिढ्या वाचतील. महाराज म्हणाले, "त्यासाठीच लिहा." मग जुनी ओळ खोडोन नवी लिहिली, आणि खाली राजमुद्रा उमटली. आणि महाराजांनी चांदीची कातर हौसाबाईंचे हाती देऊन म्हटले, "तारेची कातर आजपासून तुमच्याकडे. अंगठा कुठं ठेवायचा ते आम्हांस शिकवा." कातर तिने डब्यात ठेविली.

येणेप्रमाणे हकीकत. किल्ले, हत्ती, खजिने इतरांचे दप्तरी पुष्कळ आहेत. राजाची चूक राजाचे आज्ञेने लिहिलेली, आणि त्यावर मुद्रा, ऐसे पान आमचेच दप्तरी आहे, ज्यास पाहणे त्याने येऊन पाहावे. त्यानंतर शहरातून चांगल्या चपट्या तारांचा जुडगा आला. तीन तारा बदलिल्या. जाड तार अद्याप तीच आहे.