ग्लिनिस ओल्डरॉइडची तक्रार नाही

यॉर्कशरमधल्या आमच्या थॉर्नली ब्रिज गावात एखाद्या प्रौढ इसमाचं लक्ष कोणत्याही कामावर टिकत नसेल, तर ते टिकत नाही हे सिद्ध करण्याची मोफत सरकारी सोय उपलब्ध आहे. या सोयीचा लाभ घेण्यासाठी अर्जदाराने फारसं काही करायचं नसतं. बराच काळ, न विसरता, न कंटाळता आणि दिलेल्या मुदतीत, एकाच गोष्टीवर लक्ष टिकवून दाखवायचं असतं.

चाळिशी ओलांडलेली ग्लिनिस ओल्डरॉइड ही या सोयीची लाभार्थी. गावच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात ती खिडकीवर बसायची. अक्षर सुंदर, स्वभाव मायाळू. नवरा गेलेल्या बाईला ती आधी खुर्ची द्यायची, मग चहा करायला उठायची. वाटेत तिला कुंडीतलं झाड सुकलेलं दिसायचं, झाडाला पाणी घालताना झारी गळते असं लक्षात यायचं, आणि झारी दुरुस्त होईपर्यंत ती बाई रडून, डोळे पुसून घरी गेलेली असायची. हेही खपून गेलं असतं. पण गेल्या शरद ऋतूत हर्बर्ट शटलवर्थ नावाचे गृहस्थ भावाचा मृत्यू नोंदवायला आले आणि ग्लिनिसने मयताच्या रकान्यात त्यांचंच नाव लिहिलं. शटलवर्थ तक्रार घेऊन आले तेव्हा कार्यालयाने नियमानुसार त्यांच्याकडे जिवंत असल्याचा पुरावा मागितला. ते समोर उभे होते, पण तो पुरावा धरत नाहीत.

कार्यालयप्रमुख नायजेल क्रॅबट्री यांनी ग्लिनिसला आत बोलावलं.

"ग्लिनिस, तू मला आवडतेस. सगळ्यांनाच आवडतेस. म्हणून तर हे लेखी देतोय. ईस्टर झाला की तुला समितीपुढे यावं लागेल. डॉक्टरचं काही असेल तर घेऊन ये. मग नियमात बसवून तुला मागची शांत खोली देता येईल, कामं एकेक करून देता येतील."

"आणि नसेल तर?"

"तर तुझ्या पुढच्या वाटचालीस आम्हा सर्वांच्या मनःपूर्वक शुभेच्छा."

ग्लिनिसने एडीएचडीबद्दल, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराबद्दल, फोनवर वाचलं होतं, बसथांब्यावर. वाचता वाचता तिची बस समोरून निघून गेली, कारण त्यात सगळं तिचंच लिहिलेलं होतं. ती तिथेच ढसाढसा रडली. नोकरी तर वाचायलाच हवी होती, पण त्याहूनही तिला एक गोष्ट हवी होती. जन्मभर कानांवर पडलेला 'आळशी' हा शब्द खरा की खोटा, हे कोणीतरी जबाबदार माणसाने एकदाचं सांगावं.

तो शब्द तिची आई ईनिड हिचा. "आमच्या वेळी याला आळसच म्हणायचे," ईनिड म्हणाली, "आणि तो ओळखायला दवाखाना लागत नसे."

गावच्या डॉक्टरांची वेळ मिळवायची तर सकाळी आठच्या ठोक्याला फोन करायचा असतो. आठला एक मिनिट कमी असेल तर दवाखाना बंद असतो, आणि आठवर थोडं झालं की वेळा संपलेल्या असतात. ज्यांना रोज बरोब्बर आठला काहीही करता येतं, ते बहुतेक धडधाकट असतात, त्यामुळे डॉक्टरांकडे आमच्या गावातली सर्वांत ठणठणीत माणसं नियमित जातात. ग्लिनिसला आठची आठवण साडेनऊला यायची. शेवटी ती स्वतःच जाऊन उभी राहिली.

"फोन करायचा असतो गं राणी," खिडकीवरची मॉरीन म्हणाली.

"पण मी इथे आलेच आहे."

"तेच तर. आलेल्यांसाठी वेळा नसतात. बाहेर जाऊन फोन कर, मी इथूनच उचलते."

ग्लिनिस बाहेर गेली. फोन घरी राहिला होता. मॉरीनला दया आली आणि तिने स्वतःचा फोन बाहेर नेऊन दिला.

डॉ. पिकल्स स्क्रीनकडे बघत म्हणाले, "या. कशा आहात?"

हा प्रश्न आमच्याकडे कोणीही विचारला तरी उत्तर ठरलेलं असतं. जिन्यावरून पडून पाय मोडलेला माणूसही, स्ट्रेचरवरून, तेच देतो. ग्लिनिस सवयीने म्हणाली, "बरी आहे. तक्रार नाही."

डॉक्टरांनी टाइप केलं : 'तक्रार नाही.'

मग तिने सगळं सांगितलं. मधूनच सुरू केलं, तिथून मागे गेली, झारी, शटलवर्थ, मोडलेलं लग्न, गॅसवर विसरलेली अंडी, वरच्या मजल्यावर जाऊन 'मी इथे का आले' म्हणून जिन्यात बसून घालवलेल्या संध्याकाळी. डॉक्टर चांगले होते. त्यांनी तपासणीची शिफारस पाठवली. ती शिफारस परत आली. सोबत शेरा होता : 'रुग्णाची तक्रार नाही, असे पहिल्याच ओळीत नमूद आहे. तक्रार नसताना तपासणी कशाची, याचा खुलासा व्हावा.'

"तुम्हीच तसं म्हणालात," डॉक्टर म्हणाले.

"अहो डॉक्टर, ते म्हणायचं असतं."

"ते मलाही ठाऊक आहे. मीही तेच म्हणतो. पण रुग्णाचं स्वतःचं निवेदन खोडता येत नाही. 'म्हणायचं असतं म्हणून म्हणाली' असा रकाना नाही." बराच विचार करून त्यांनी खाली एक ओळ वाढवली : 'तक्रार नाही हे रुग्णाचे निवेदन नसून संस्कार आहेत.' या ओळीवर खात्याचं समाधान झालं.

आता स्थानिक दवाखान्याची रांग. ती इतकी लांब होती की तिच्यात उभं राहण्यासाठी वेगळी रांग लावलेली होती. आमच्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. रांग दिसली की आम्ही आधी उभे राहतो, मग ती कशाची ते विचारतो. पण ईस्टर काही रांगेत थांबणार नव्हता. डॉक्टर म्हणाले, निवडीचा हक्क वापरा. सरकारच्याच खर्चाने देशातला कुठलाही मान्यताप्राप्त दवाखाना निवडता येतो, यादी घ्या आणि नीट तुलना करा. दुकानात दह्याचा कोणता डबा घ्यावा हे न ठरून जिला रडू येतं, त्या बाईने ती यादी उघडली आणि मिटली. मग ज्या दवाखान्याच्या पानावर तळ्याचं चित्र होतं तो निवडला.

तळ्याच्या दवाखान्याने अर्ज पाठवला. तो एका बैठकीत पुरा करायचा होता, अर्धा ठेवायची सोय नव्हती. पुष्कळ खोल गेल्यावर प्रश्न आला, 'लांबलचक अर्ज भरताना तुमचे लक्ष उडते का?' यावर नीट विचार करावा म्हणून ग्लिनिस किटली ठेवायला उठली. किटलीच्या तळाला पांढरा थर दिसला. तो व्हिनेगरने काढेपर्यंत पान मिटलं होतं आणि निरोप आला होता : 'आपण प्रतिसाद न दिल्याने आपणांस मदतीची गरज उरलेली नाही असे गृहीत धरून प्रकरण बंद करीत आहोत. आपल्या प्रकृतीत झालेल्या सुधारणेबद्दल अभिनंदन.'

इथे ईनिडने पदर खोचला. तिच्या बाबतीत एप्रन बांधला म्हणूया. ती घरातल्या चपला आणि उशी घेऊन लेकीकडे राहायलाच आली. ग्लिनिसचा फोन तिने एप्रनच्या खिशात टाकला आणि टेबलाच्या पलीकडे खुर्ची ओढून बसली.

"उठायचं नाही. चहा मी देईन. बिस्किट मी देईन. पुढचा प्रश्न वाच."

"आई, मी काय लहान आहे?"

"लहान होतीस तेव्हाही अशीच बसवत होते. तेव्हा निदान टेबलाखाली तरी जायचीस. आता मावत नाहीस. वाच."

दवाखान्याला फोन ईनिडने केले. मुदती ईनिडने पाळल्या. शाळेचे जुने शेरे तिने माळ्यावरून काढले. एका बाईंनी लिहिलं होतं, 'ग्लिनिस खिडकीबाहेर फार छान बघते.' शेवटी बालपणाबद्दलची प्रश्नावली आली. ती पालकांनीच भरायची होती. ईनिडने ती दार लावून भरली आणि कोणाला न दाखवता पाठवून दिली.

तपासणी स्क्रीनवर झाली. तज्ज्ञ डॉ. फेअरवेदर उशिरा आले, ग्लिनिसला ग्लोरिया म्हणाले, फाइल सापडेना म्हणून शोधत राहिले आणि मध्येच मांजराला आत घ्यायला उठून गेले. परत आले तेव्हा मांजर त्यांच्या कडेवर होतं.

"तुमचा अर्ज मुदतीत," ते कौतुकाने म्हणाले. "एकही रकाना रिकामा नाही. शेरे तारखेनुसार लावलेले. इतकी टापटीप मी क्वचित पाहिली."

"ती आईनं केली."

"म्हणजे काम योग्य माणसावर सोपवता तुम्ही. ही तर फार वरची क्षमता झाली. बरं, आईंनीच लिहिलंय. मुलगी वस्तू हरवायची? कधीच नाही. जागेवरून उठायची? कधीच नाही. विसरायची? कधीच नाही. एकूण आदर्श बालपण दिसतं."

ग्लिनिसने मान वळवली. ईनिड ओट्याशी उभी राहून कोरडाच कप पुसत होती.

"आई! तू हे लिहिलंस?"

"मग काय लिहू? परक्या माणसाला घरातलं सांगू? वर आपलं आडनाव छापलंय त्या कागदावर."

"मला रोज सांगतेस! बसमध्ये सांगतेस! परवा खाटकाला सांगत होतीस!"

"खाटीक आपला माणूस आहे."

"माझी नोकरी जाईल गं."

ईनिडने कप खाली ठेवला. "मला वाटलं, ते म्हणतील आईनंच पोरीकडे लक्ष दिलं नाही," ती म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. एवढ्या वर्षांत ग्लिनिसने तो आवाज ऐकला नव्हता. तिला आईचा संतापही आला आणि तितकीच कीवही आली. मग ईनिड स्क्रीनपुढे वाकली आणि तिने सगळं सांगितलं. सात वर्षांची पोर शाळेत दोन पायांत दोन वेगळे बूट घालून गेली ते, धाकट्या भावाची बाबागाडी बेकरीबाहेर विसरून पोरगी एकटी घरी आली ते, आणि प्रत्येक वेळी आपण तिला काय काय बोललो तेही.

डॉ. फेअरवेदर यांनी शांतपणे ऐकलं. "आजी, लेखी उत्तर एकदा आलं की बदलता येत नाही. शिवाय तुम्ही खोटं तेव्हा बोललात की आता?"

"तेव्हा."

"पाहा, म्हणजे तुम्ही खोटं बोलता. मग आताचं तरी कसं धरू?"

निष्कर्ष आला : 'विकार आढळला नाही.' अपिलाची सोय होती. मात्र अर्जदाराने अपील मुदतीत आणि पूर्ण भरून केल्यास ते मूळ निष्कर्षाला पुष्टी देणारं मानलं जाईल, असं तळाशी स्पष्ट केलं होतं.

ईस्टर संपला. समितीत नायजेल, आस्थापना विभागाच्या प्रुडन्सबाई आणि नियमाप्रमाणे तिसरे एक सदस्य होते. ग्लिनिस उभी राहिली. आदल्या दिवशी आईपुढे तिने पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं होतं, त्यामुळे आयुष्यात प्रथमच ती सुरुवातीपासून सुरू करून शेवटाकडे निघाली.

"मी आळशी नाही. मला काम आवडतं, माणसं आवडतात. पण माझ्या डोक्यात…"

नायजेलचा फोन थरथरला. त्याने वाचला, हसला, उत्तर दिलं. "सॉरी, काय म्हणत होतीस?"

ती पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. प्रुडन्सबाई भलत्याच कागदांवर सह्या करत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "हो, हो, ऐकतेय. या कोण?" तिसऱ्या सदस्यांची नजर सँडविचच्या ताटावर होती, काकडीची संपत आली होती. ग्लिनिसने तिसऱ्यांदा सुरुवात केली. या वेळी नायजेलने घड्याळ पाहिलं आणि प्रेमाने म्हणाला, "मला वाटतं, आम्ही सगळं नीट ऐकून घेतलंय."

कामात सातत्याने लक्ष न दिल्याच्या कारणावरून ग्लिनिस ओल्डरॉइड हिला एकमताने कमी करण्यात आलं. ईनिड बाहेर बाकावर बसली होती. लेकीचा चेहरा बघून तिने आधी तिच्या कोटाचं चुकीच्या भोकात गेलेलं बटण काढून नीट लावलं आणि दोघी घरी चालत गेल्या.

नायजेलला नावं ठेवू नका. मघाशी ग्लिनिस डॉक्टरांना आपलं सांगत होती, तेव्हा तुम्हीही एकदा फोन उचलून पाहिलात. काही आलेलं नव्हतं. खाली ठेवलात आणि दोन ओळी गाळून पुढे वाचायला लागलात. तुमच्याकडे कोणी डॉक्टरचा कागद मागितला नाही. उद्या सकाळी तुम्ही वेळेवर कामावर जाल, आणि समितीत बसाल.