नमस्कार करणारं दार

"आमच्याकडे दाराला हात लावायचा नाही, काका. नुसतं बटण दाबायचं!"

होणाऱ्या सासऱ्यांना हे ऐटीत सांगणाऱ्या मुलाला घरात सगळे फ्यूज म्हणत. त्याने काही नवीन जोडलं की तोच उडायचा.

बाथरूमचं सरकतं दार फ्यूजने स्वतः बनवलेलं. एक मोटर, एक बोलका स्पीकर आणि दोघांना हुकूम देणारी नखाएवढी चिप. चिप चालू झाली की तिचा क्रम ठरलेला. आधी नमस्कार, मग दार गच्च लावायचं, मग बटणाची वाट बघायची.

चहा झाला. लग्नाला होकार द्यायच्या आधी सासरे जरा हात धुवायला उघड्या दारातून आत गेले आणि फ्यूजने ऐटीत चिप चालू केली.

बाहेर यायला त्यांनी बटण दाबलं. दार बोटभर सरकलं आणि थबकलं.

"नमस्कार! आपलं स्वागत आहे!" खाड्!

"परत दाबा, काका!"

बोटभर. नमस्कार. खाड्!

इतके नमस्कार झाले, की समोरच्या काकू ठेवणीतले कपडे घालून आल्या. त्यांना वाटलं, लग्न आजच आहे!

"अरे, झालंय काय?" आईने विचारलं.

"मोटर आणि चिप एकाच चार्जरवर लावल्यात मी. गच्च दार उघडायला मोटरने जोर लावला की वीज तीच गिळते. चिपला चक्कर येते. शुद्धीवर आली की तिला मागचं काही आठवत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू!"

"तुझ्या बाबांसारखंच. दुपारी झोपून उठले की दात घासायला जातात."

"बाबा, चिडू नका ना!" सासऱ्यांबरोबर आलेली त्यांची मुलगी दाराला तोंड लावून म्हणाली.

"कुणावर चिडू? इतक्या आदराने मला आजवर कुणी कोंडलं नव्हतं."

"थांबा, प्रोग्राम बदलतो!" फ्यूज लॅपटॉप आणायला धावला. आईने सरळ चार्जर उपटला आणि दार हाताने सरकवलं.

सासरे बाहेर आले. कुणाकडे न बघता घराबाहेर चालते झाले. फ्यूजच्या तोंडचं पाणीच पळालं! गेलं लग्न!

तेवढ्यात बेल वाजली. दारात सासरे.

"नमस्कार. मी मुलीचा बाबा. आत्ताच पोहोचतोय."

"या, या!" आई कुठली चुकतेय! "घर सापडायला त्रास नाही ना झाला?"

"छे!"

पहिला चहा दुसऱ्यांदा झाला. सासऱ्यांनी कप खाली ठेवला.

"मुलगा पसंत आहे. फक्त एक सांगतो, जावईबापू. आमच्याकडेही दाराला हात लावायचा नाही. एकाही!"