चारशे एकोणनव्वद शोकसंदेश

रविवारी सकाळी सासूबाईंचा गुडघा धरला आणि त्यापायी चारशे एकोणनव्वद माणसं मेली.

म्हणजे तशी ती मेली नव्हती, पण त्यांना तसं कळवण्यात आलं. हे कळवण्याचं काम ज्या सुनेच्या हातून झालं, तिला घरात सगळे यादीबाई म्हणत. ती पाणीपुरवठा खात्यात कॉम्प्युटर सांभाळायची आणि उरलेल्या वेळात एक यादी सांभाळायची. यादी होती टर्मिनलच्या प्लगिन्सची. टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात ना चित्रं ना बटणं. हुकूम टाइप करायचा आणि होईल ते भोगायचं. या खिडकीत दिवस काढणाऱ्यांचे हाल थोडे कमी व्हावेत म्हणून ठिकठिकाणची माणसं फुकटात छोटे छोटे प्रोग्रॅम लिहितात. एखादा अर्धवट टाइप केलेला हुकूम पुरा करतो, एखादा चूक झाली की अक्षरं लाल करतो. हीच ती प्लगिन्स. कोणीही नवं प्लगिन सुचवावं, कोणीही चूक दाखवावी आणि यादीबाईने तपासून ते यादीत घालावं, असं नऊ वर्षं चाललं होतं. यादीत आता चारशे एकोणनव्वद जणांनी लिहिलेली सहाशे बारा प्लगिन्स झाली होती आणि त्यातली बरीचशी कधीच बंद पडली होती. लिहिणारे कंटाळले, नोकऱ्या बदलल्या, पोरंबाळं झाली. दुवा दाबला की पुढे काहीच उघडत नसे.

म्हणून तिने तीन आठवडे यादीला हात न लावता एक प्रोग्रॅम लिहिला. त्याने प्रत्येक दुवा तीनदा उघडून पाहायचा, तिन्ही वेळा उघडला नाही तर ते प्लगिन यादीच्या तळाशी 'मृत' या विभागात हलवायचं आणि ज्याचं होतं त्याला दोन सभ्य ओळी पाठवायच्या. त्या ओळी तिने नवऱ्याकडून लिहून घेतल्या आणि तिथेच पहिली माशी शिंकली.

नवरा एका वर्तमानपत्रात निधनवार्तांच्या टेबलावर होता. बावीस वर्षं तो रोज दहाबारा माणसं संपवत आला होता. मनाने चांगला, पण जिवंत माणसांसाठी लिहायचा त्याला सराव उरला नव्हता. जेवता जेवता त्याने मजकूर सांगितला: "कळवण्यास अत्यंत दुःख होते की अमुक अमुक आता आपल्यात राहिले नाहीत. त्यांनी निःस्वार्थपणे केलेली सेवा आणि वाचवलेले अनेकांचे श्रम कायम स्मरणात राहतील. यादी परिवार."

"प्लगिनला 'राहिले नाहीत' कशाला? 'राहिले नाही' म्हण," ती म्हणाली.

"गेलेल्याला अहोजाहोच करतात."

"अरे, प्रोग्रॅम आहे तो."

"तुझी मर्जी. पण अरेतुरे केलं की नातेवाईक भांडायला येतात, एवढं सांगतो."

तिने वाद घातला नाही. 'अमुक अमुक'च्या जागी प्लगिनचं नाव बसवायचं होतं. ते बसवताना तिने चुकून शेजारच्या रकान्यातलं, म्हणजे लिहिणाऱ्या माणसाचं नाव बसवलं. 'राहिले नाहीत' त्याला चपखल लागू पडलं.

रविवारी दहाला प्रोग्रॅम आपोआप सुरू होईल असं करून ती साडेनऊला नवऱ्याबरोबर चष्म्याचा नंबर तपासायला गेली. घरात सासूबाई एकट्या होत्या. पावणेदहाला त्यांचा गुडघा धरला. शेकायची विजेची पिशवी लावायला भिंतीत मोकळी जागा नव्हती, तेव्हा त्यांनी इंटरनेटचा डबा उपटला आणि पाऊण तास स्वस्थ शेकत बसल्या. तेवढ्यात प्रोग्रॅमने सहाशे बारा दुवे तीन तीनदा उघडून पाहिले. एकही उघडला नाही. निकाल छापायला आणि संदेश धाडायलाही इंटरनेट नव्हतं, पण काम अडलं तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहायचं, ही चिकाटी तिने त्याला मुद्दाम शिकवली होती. तो इंटरनेट येण्याची वाट पाहत राहिला. गुडघा मोकळा झाल्यावर सासूबाईंनी, वस्तू जिथल्या तिथे ठेवायची त्यांची जन्माची सवय, डबा पुन्हा लावून दिला.

चष्मेवाल्याच्या खुर्चीत, वरची ओळ वाचता वाचता, यादीबाईचा फोन थरथरायला लागला आणि थांबेचना.

पहिलं उत्तर एका शिक्षकाचं होतं. "मी वारलो असं आपण कळवलं आहे. किती वाजता?" दुसऱ्याने विचारलं होतं की उद्याच्या मीटिंगला यायला लागेल का. एकाच्या आईने त्याचा मेल उघडला होता आणि ती परगावी बेशुद्ध पडली होती. शुद्धीवर आल्यावर तिने मुलाला फोन केला आणि जिवंत असल्याबद्दल त्यालाच झापलं. एकाने नुसतं "अखेर" एवढंच लिहिलं होतं. एकाने आभार मानून विनंती केली होती की चूक झाली असल्यास कृपया दुरुस्त करू नये; तीन वर्षं लोक नवीन सुविधा मागून त्याचा जीव खात होते आणि सकाळपासून त्यांनी पहिल्यांदाच त्याच्याबद्दल चांगलं लिहिलं होतं.

घरी येऊन तिने आधी यादी पूर्ववत केली. त्याला दहा मिनिटं लागली. माणसं पूर्ववत करणं मात्र अवघड होतं.

"एक माफीची ओळ सांग ना," ती नवऱ्याला म्हणाली.

"काय लिहायचं?"

"ते मेलेले नाहीत, एवढंच."

त्याने बराच विचार केला. बावीस वर्षांत ही वेळ आली नव्हती. "हे माझ्याच्याने व्हायचं नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे एकदा गेलेला माणूस परत घेत नाहीत."

मग तिनेच लिहिलं: "क्षमस्व. आपण मृत नाही. तांत्रिक चुकीमुळे तसे कळवले गेले होते. आपल्याला पूर्ववत जिवंत करण्यात आले आहे." या वेळी तिने रकाने चारदा तपासले आणि सगळ्यांना पाठवून दिलं.

"आई, तो डबा पुन्हा काढू नका हं," ती सासूबाईंना म्हणाली.

"लुकलुकणारा? त्याला काय धाड भरलीय, लावला ना परत," सासूबाई म्हणाल्या. "माझा गुडघा मात्र अजून तसाच आहे. त्याची चौकशी कोणी केली नाही."

सोमवारी ती ऑफिसातून आल्यावर उत्तरं मोजायला बसली. दोघातिघांनी तिने यादी सोडावी अशी मागणी केली होती, पण मग कोण घेणार असं विचारल्यावर ते गप्प झाले होते. बहुतेकांची समजूत निघाली होती. तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. दात पडल्यावर जीभ जशी त्याच जागी जाते, तसं तिचं मन पुन्हा पुन्हा कुठेतरी जात होतं, आणि जेवताना तिला कळलं की पूर्णविरामाचं काहीच आलेलं नाही.

पूर्णविराम हे तिने ठेवलेलं नाव. नऊ वर्षांपूर्वी यादी निघाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची पहिली तक्रार आली होती. "ओळ ११२. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम नाही." ना नमस्कार, ना सही. तेव्हापासून यादीत काहीही बदललं की तासाभरात त्याचं पत्र ठरलेलं. "ओळ ४०. दोन शब्दांत दोन जागा सुटल्या आहेत." "ओळ २०४. एकाच पानावर सहा प्लगिन्स 'सर्वांत वेगवान' आहेत. हे कसे?" तिच्या डोक्याला त्याने नऊ वर्षांत जेवढा ताप दिला, तेवढा पाणीपुरवठा खात्यानेही दिला नव्हता. त्याचं स्वतःचं एक प्लगिन होतं, टाइप केलेल्या हुकमातल्या जादा मोकळ्या जागा काढून टाकणारं. ते अजून चालू होतं.

"सगळी यादी उलटीपालटी झाली आणि हा बोलला नाही?" ती म्हणाली.

"गेला असेल," नवरा भाजी वाढून घेत म्हणाला.

"काहीतरी अभद्र बोलू नकोस."

"अभद्र काय त्यात? नेमाने बोलणारा माणूस एकदम गप्प झाला की दोनतीन दिवसांत आमच्या टेबलावर येतो. मी बघतो ना."

तिने पूर्णविरामला मेल केला. उत्तर नाही. मग मंगळवारी सकाळी तिने आमिष म्हणून ओळ ३०० चा पूर्णविराम काढला. काही झालं नाही. दुपारच्या सुट्टीत एका शब्दाचं शुद्धलेखन बिघडवलं. बुधवारी तर ताळतंत्रच सोडलं: दोन प्लगिन्सची वर्णनं एकमेकांच्या नावावर घातली, वर्णक्रम मोडला, एक अख्खी ओळ दोनदा छापली. एकूण सतरा चुका. कोण एक कॉलेजातली पोरगी सोडली तर कोणी चकार शब्द काढला नाही, आणि तिनेही विचारलं ते हेच, की ही नवी पद्धत आहे का.

गुरुवारी तिने अर्धी रजा टाकली आणि चुका काढायला बसली. सतराही तिनेच घातल्या होत्या. सोळा सापडल्या. दोन तास ओळ न् ओळ बोटाखाली धरून वाचली, तरी सतरावी मिळेना. त्याला ती पाच मिनिटांत मिळाली असती. हे मनात आलं तेव्हा ती उठली आणि त्याच्या प्लगिनचं पान उघडलं. अगदी तळाला लिहिलं होतं: अडचण आल्यास दूरध्वनी करावा, दुपारी चार ते पाच. खाली घरचा नंबर होता. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

फोन एका म्हाताऱ्या बाईने उचलला.

"मी यादीवरून बोलतेय," यादीबाई म्हणाली. "ते आहेत का?"

"ते गेले हे तुम्हीच तर कळवलंत," बाई म्हणाल्या.

यादीबाई खुर्चीत बसली.

"वीस दिवस झाले," बाई सांगत होत्या. "सकाळी चहा घेतला आणि तसेच खुर्चीत. मला नवल वाटलं, तुम्हाला कुणी सांगितलं. मग म्हटलं, रोजचं बोलणं होतं तुमचं, चार दिवस पत्र नाही म्हटल्यावर माणूस ओळखतो. दिरांनी दोन ओळी पाठवल्या, त्यातही घराच्या कागदांची चौकशी. बाकी कोणी नाही. त्यांचं कुणाशी फारसं पटायचं नाही हो. तुमचं पत्र आलं ते मी शेजारणीकडून छापून आणलं. 'निःस्वार्थपणे केलेली सेवा'. फोटोखाली लावलंय."

"हो," यादीबाई म्हणाली.

"पण मग त्याच दिवशी दुसरं आलं." बाईंच्या आवाजात राग नव्हता, नळाला पाणी का आलं नाही हे विचारावं तसं त्या विचारत होत्या. "त्यात लिहिलंय, ते मृत नाहीत, त्यांना पूर्ववत जिवंत करण्यात आलंय. मी दोनदा वाचलं. खोटं कशाला सांगू, आतल्या खोलीत जाऊनही पाहिलं. आता यातलं नक्की काय समजायचं मी?"

नऊ वर्षांत यादीबाईने कुठल्याच ओळीपाशी एवढा वेळ घेतला नव्हता.

"पहिलं पत्र खरं," ती म्हणाली. "दुसरं चुकून गेलं."

"वाटलंच मला. ते म्हणायचेच, ती मुलगी घाई फार करते."

"कोण मुलगी?"

"तुम्हीच. यादी ते सांभाळायचे ना, तुम्ही त्यांच्या हाताखाली. रोज सकाळी चष्मा लावून बसले की म्हणायचे, बघू आज काय घोळ घातलाय पोरीने. पण आवाज चढवला नाही हं कधी. हुशार आहे म्हणायचे. तयार होतेय, अजून दोनेक वर्षं लागतील."

यादीबाईने तोंड उघडलं. यादी आपली आहे, पहिल्या ओळीपासून आपली आहे, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य तिच्या जिभेवर आलंही होतं.

"बरोबर," ती म्हणाली. "बरंच शिकायचं राहिलं."

"आता सगळं तुमच्या एकटीवर पडणार. जमेल ना?"

"बघते."

"सावकाश करा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मग तिने यादी उघडली, त्याचं प्लगिन स्वतःच्या हाताने तळाच्या विभागात नेलं आणि ती ओळ तीनदा वाचली. मागे सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून उभ्या होत्या.

"रडतेस काय? कोणाचा फोन होता?"

"आमच्या साहेबांच्या घरचा. साहेब गेले."

"पाणीखात्याचे?"

"नाही. यादीचे."

सासूबाई शेजारची खुर्ची ओढून हळूच बसल्या. "अगं, नऊ वर्षं बघतेय मी," त्या म्हणाल्या, "तुला साहेब होते हे कधी बोलली नाहीस."

"मलाही आत्ताच कळलं," यादीबाई म्हणाली.